इमलीनं इंजिन नाही खाल्लं, रहमानभाई

रहमानभाई, आज सकाळी मी तुह्या दुकानापर्यंत गेलो अन् परत आलो. पाय सवयीनं गेले, मी नेले नाही. दाराले कुलूप पाह्यलं तेव्हा आंदी रडू नाही आलं, राग आला. अबे, डॉक्टरसाहेबाच्या मोटारीचं पोट उघडून ठेवलं, नटबोल्ट घमेल्यात तसेच पडले आहेत, अन् तू खुशाल जाऊन निजला! अर्धं काम टाकून जाणाऱ्या मिस्त्रीले तू काय काय बोलत होता, ते सारं मी त्या कुलपाले बोलून आलो. समोरचा शिंपी पाहून राह्यला होता. पाहू दे.

काल तुही जियारत झाली, तिसऱ्या दिवसाचं कुराणवाचन. जितके लोक आले तितके तुह्या आंगणात कधी एका वेळी आले नसतील, अन् आले असते तं उजेड अडवता म्हणून तुनं हाकलून देल्ले असते. तू कधी जलमला, कोणापाशी काम शिकला, लेकरं किती, हे सारं त्याइनं सांगून झालं. मले ते सांगाचं नाही. माह्यापाशी एकच गोष्ट आहे. ती मी काल साऱ्याइसमोर बोललो, पण ज्याच्यासमोर बोलाची होती तो मातीखाली होता. म्हणून ही वही घेतली. मी चौथी शिकलेला ड्रायवर, हात चाकावर सरळ चालते, कागदावर नाही. तरी लिहितो.

तुही माही ओळख बेगममुळे. लढाई संपली अन् आमच्या जिनिंगच्या शेटजीनं मिलिटरीनं मोडीत काढलेली डिझेलची लारी आणली. तोपर्यंत वाशिमात पेट्रोलच्या गाड्या, अन् लढाईच्या दिवसांत पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन धापा टाकत चालणाऱ्या. डिझेलची लारी कोणी उघडून पाह्यली नोती. तू जिनातलं जुनं ऑइल इंजिन सांभाळत होता, तेवढ्या भरवशावर शेटजीनं तुले बोलावलं. तू आला, लारीभोवती तीन चकरा मारल्या, बॉनेटवर हात ठेवला अन् म्हणला, "बेगमचा मिजाज मोठा दिसते." मंग माह्याकडं पाह्यलं. "अन् हा कोण? इले हा हाकणार? परवापर्यंत बैलं हाकत होता ना बे?"

खरं होतं ते. रिठदचा कुणबी मी, बंडीवरून उतरलो अन् लारीवर चढलो. पण असं तोंडावर कोणी बोलते काय? मी म्हणलो, "बैलं इमानदार राह्यतात. मिस्त्रीचं काय सांगावं?" तू इतक्या जोरानं हसला का शेटजीचे दिवाणजी कचेरीतून बाहेर आले. तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते तू खाटेवर पडला तोपर्यंत चाललं.

तुह्यासारखा माणूस मी नाही पाह्यला. इंजिन चालू केलं का तू लाकडाचा दांडका त्याले टेकवाचा, दुसरं टोक कानाले लावाचा अन् डोळे मिटाचा. त्या वेळी कोणी हूं केलं का दांडका त्याच्याच पाठीवर. मी इचारलं, काय आयकू येते बे एवढं? तू म्हणला, "तुह्या साऱ्या चुगल्या सांगते ते. इंजिन खोटं बोलत नाही. ड्रायवर बोलते." मी म्हणलो, ड्रायवर रस्त्यावर मरते अन् मिस्त्री सावलीत बसून शाहाणपण शिकवते. मंग अर्धा तास दोघंही तोंड सोडून बोलत होतो. तेवढ्यात भाभीचा चहा आला. तू कपाले बाहेरून हात लावून पाह्यला, जसा रेडेटरले लावत होता, अन् म्हणला, "ठीक आहे, चालू कर." तुह्या त्या 'चालू कर'नं माहं कितीकदा डोकं थंड झालं असन.

अन् तुहा तो एक नियम. पाण्यात पाणीच. रेडेटरमधे पाण्याशिवाय काही गेलं तं तू माणसात नाही राह्याचा. एका ड्रायवरनं रेडेटर गळते म्हणून त्याच्यात ज्वारीचं पीठ टाकलं होतं, आठवते? तुनं त्याले शिवी नाही देल्ली. तुनं भर रस्त्यात भाभीले आवाज देल्ला, "जैनब, तवा आण. याच्या गाडीत कणीक तयार आहे, भाकर थापून देतो." त्या बिचाऱ्याले बाजारात कोणी आठ दिवस सुखानं फिरू देल्लं नाही. जो तो इचारे, भाकर शेकली काय? त्याच्यावर साऱ्यात जास्त मी हसलो होतो. पोट धरून हसलो होतो, रहमानभाई. हे ध्यानात ठेव, कारण पुढं माहं तोंड शिवलं गेलं ते त्याच्यामुळे.

आता आयक.

कापसाचे दिवस होते. मी रिठदवरून कापूस भरून येणार होतो. गावाच्या उताराले एक गोटा उडाला अन् रेडेटरले लागला. पाण्याची बारीक धार सुटली. तू बारा कोसांवर, मी भरल्या गाडीनिशी माह्याच गावात, अन् सारं गाव तमाशा पाहाले जमलं. माही माय आली. तिनं धार पाह्यली अन् घरात गेली, ओंजळभर हळद घेऊन आली. म्हणे, "नाम्या, तुह्या पायाले कुऱ्हाड लागली होती तेव्हा रगत काहीनं थांबून नाही राह्यलं, हळदीनं थांबलं. रगत थांबते तं पाणी काहून नाही थांबणार?"

मी आंदी बाहेरून लेप लावला, तो वाहून गेला. मंग झाकण उघडून अंदर टाकली. अन् थांबली बाप्पा धार! थेंब नाही. गावातले म्हातारे म्हणाले, नामदेवानं लारी बरी केली. मी छाती फुगवून वाशिमले आलो. तुह्या दुकानावरून गेलो तं मुद्दाम भोंगा वाजवला. तुले सांगाचं होतं, खरंच सांगाचं होतं, का पाहाय, माह्या मायनं तुह्याशिवाय काम केलं. मंग तो तवा आठवला अन् तोंड मिटलं.

एकदाच टाकली असती तं पचून गेली असती. पण दुखणं गेलं तरी औषध घेत राहाचं ही आपल्या लोकाइची खोड. पुन्हा धार सुटली तं? म्हणून मी सीटखाली हळदीची पुरचुंडी ठेवली, अन् दर बाजाराच्या दिवशी देवाले वाह्यल्यासारखी एक मूठ टाकत गेलो. दोन महिने. माह्या मनानं मी शाहाणा, अन् लारी माही आजारी पडून राह्यली हे मले समजलं नाही.

मानोऱ्याच्या रस्त्यावर पह्यल्यांदा इंजिनाच्या गरमीचा काटा चढला. पाणी उकळलं, झाकणातून वाफ फुसफुसली. तुह्यापाशी आणली. "बेगमले ताप आला," तू म्हणला अन् बाह्या सारल्या. दिवाणजी सोबत होते, शेटजीही येऊन उभे राह्यले. तुही ती तपासणी मी मरेपर्यंत विसरणार नाही. घाई नाही, काही नाही. आंदी बाहेरून पाह्यलं. रेडेटरच्या जाळीत कापसाची रुई बसली होती, तुनं भाभीची लाकडी फणी मागून आणली अन् एक एक घर विंचरून काढलं. मंग पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाह्यला. मंग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं अन् पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहत बसला. नाही आले. म्हणला, हेड चांगलं आहे, वरून इंजिन फुटलं नाही. पंप उघडला, तो फिरत होता. शेवटी रेडेटरवर पंजा ठेवला अन् वरून खाली हळूहळू आणला.

तुनंच मले शिकवलं होतं. वरून गरम पाणी येते, बारीक नळ्याइतून उतरते, हवेनं निवते, खालून परत इंजिनात जाते. तुहा हात मधात थांबला. "वरचं चटका देते अन् इथून खाली थंडगार," तू म्हणला. "नळ्या बुजल्या. पाणी उतरून नाही राह्यलं." मंग तू उभा राह्यला, माह्याकडं वळला, अन् अगदी साध्या आवाजात इचारलं, "नामदेव, पाण्यात काही टाकलं काय?"

शेटजी पाहून राह्यले होते. दिवाणजी पाहून राह्यले होते. मले तो तवा दिसला. मले हातातलं चाक जातानी दिसलं, अन् पुन्हा बंडीवर बसलेला मी दिसलो.

"नाही," मी म्हणलो. "विहिरीचं पाणी फक्त."

तुनं माह्यावर भरवसा ठेवला. ड्रायवर खोटं बोलते म्हणणारा तू, दुसऱ्यांदा इचारलं नाही रे. इचारलं असतं तं कदाचित मी फुटलो असतो. तू मान हालवली अन् दिवाणजीले समजावून सांगू लागला का इथलं विहिरीचं पाणी जड, बंबात कसा पांढरा थर बसते, तसाच नळ्याइत बसला असन. बंबाचा थर बाया इमलीनं काढतात, आपणही तेच करू. चिंच जपून वापरू, गाळून घेऊ, काम झाल्यावर तीनदा साध्या पाण्यानं धुऊ.

भाभीनं वर्षाची भरून ठेवलेली इमली तुनं काढली. ती दारातून ओरडून राह्यली होती, "सालनात काय घालू? तुमचं डिझेल?" तू कोळ केला, तिच्या ओढणीतून एकदा गाळला, पुन्हा गाळला. गरम इंजिनात फिरवला. खालून पाणी निघालं ते तांबूस-काळं. तू खुश झाला, म्हणला, पाहा, गंज अन् क्षार. मले माहीत होतं ते काय आहे. माह्या नाकाले वास आला होता. मी म्हणलो, "हो, गंजच." दुसरं खोटं.

शेजारच्या मालेगावपर्यंत जाऊन आलो, काटा हाललाही नाही. त्या संध्याकाळी तुनं जिनातल्या हमालाइपासून दिवाणजीपर्यंत साऱ्याइले चहा पाजला. मले मिठी मारली. तुह्या आंगाले डिझेल अन् इमलीचा वास होता. मले वाटलं, चला, झाकलं गेलं. देवानं वाचवलं.

कशाचं वाचवलं! इमलीनं नळ्याइतली हळद फक्त सुटी केली होती. धुऊनही सारी निघाली नाही. पुढच्या हप्त्यात सरकी भरून अकोल्याले चाललो होतो. मेडशीच्या पुढं एक चढ चढताना काटा एकदम वर गेला. थांबाले पाह्यजे होतं. तू शंभरदा सांगतलं होतं, काटा चढला का थांब, शेटजी आला तरी थांब. पण मले भेव वाटलं का थांबलो तं पुन्हा तपासणी होईल, पुन्हा तू इचारशील. एवढा चढ निघून जाईल असं म्हणत मी दाबत राह्यलो. इंजिन असं कण्हलं, रहमानभाई, अन् मंग एकदम गप झालं. बेगम जाम झाली.

बैलं जोडून ओढत आणली. तू हेड उघडलं तेव्हा अर्धं वाशिम जमलं होतं. हेडले तडा. पाण्याच्या वाटा साऱ्या तपकिरी गाळानं भरलेल्या, चिकट, धाग्याधाग्याचा. दिवाणजीनं काडीनं उचलून पाह्यलं अन् म्हणले, "हा तं चिंचेचा चोथा आहे, मिस्त्री. तुमच्या इमलीनं इंजिन खाल्लं."

अन् तू काय म्हणला? तू खाली बसला होता. तुनं तो गाळ बोटावर घेतला, पाह्यला. म्हणला, "दोनदा गाळली होती. तरी गेला असन. माही चूक आहे, शेटजी." तू असा कधीच बोलत नोता. तू तं सूर्य पश्चिमेले उगवला तरी भांडला असता. मी तुह्या मागं उभा होतो, हातभर अंतरावर. माहं तोंड उघडलंच नाही.

शेटजीनं अकोल्याचा मिस्त्री आणला, नवीन हेड अन् नवीन रेडेटर बसवलं. जिनातलं तुहं काम गेलं. जुनं रेडेटर कोणी नेलं नाही, तुनं उचलून आंगणातल्या भिंतीले टेकवून ठेवलं. पोट्टे तुले इमली मिस्त्री म्हणू लागले, मंग मोठेही म्हणू लागले. तू त्याइच्यासोबत हसाचा. पण मी पाहत होतो ना. बसवलेला नट तू पुन्हा खोलून पाहाचा. पह्यले एकदा दांडका लावून सांगणारा तू, तीन तीनदा कान लावाचा अन् म्हणाचा, "आणखी कोणाले दाखव बाप्पा, माहा काय भरवसा."

म्हणून मी रोज येत होतो. तुले वाटे, दोस्त लय जीव लावते. जीव होताच रे, तो खोटा नोता. पण हुरडा, वांगे, तुरीच्या शेंगा, मायच्या हातचा ठेचा, हे जे मी आणून टाकत होतो त्याच्यात अर्धा जीव अन् अर्धी लाज होती. तू एकदा म्हणला, "अबे, इतकं काहून आणते? मी काय बाळंतीण आहे?" भाभी अंदरून हसली होती.

मी सांगाले नाही गेलो असं नाही. एकदा मले मोठा ताप आला, मी रिठदले पडून होतो. तू बारा कोस सायकलनं आला. घामानं भिजलेला, तसाच खाटेपाशी बसला. माह्या कपाळाले हात लावला, मंग पायाले लावला, अन् मायले म्हणला, "वर चटका, खाली थंड. याचंही रेडेटर जाम झालं, मावशी." माय हसता हसता रडली. रात पडेपर्यंत तू माहे तळपाय चोळत होता. तेव्हा मी म्हणलो, "रहमानभाई, एक सांगाचं आहे." तू म्हणला, "बरा हो, मंग सांग. आता बोलशील तं तापात बोलला म्हणून मी काही मानणार नाही." मी बरा झालो. सांगतलं नाही. यंदा तू खाटेवर पडला तेव्हाही दोनदा आलो, अन् दोन्ही वेळा तूच बेगमची तब्येत इचारत बसला. दम लागत होता तरी इचारत होता, काटा कुठं राह्यते आता?

आता कालचं सांगतो.

कुराण वाचून झालं, लोक आंगणात सतरंजीवर बसले. दिवाणजीही आले होते, खरं सांगतो, डोळे पुसत होते. म्हणले, "माणूस हिरा होता. हात सोन्याचा. आयुष्यात एकच घोटाळा झाला त्याच्याकडून, ती इमली." आजूबाजूचे माना हालवू लागले. कोणी तरी हळूच म्हणलं, हो, इमली मिस्त्री. प्रेमानं म्हणलं. पण तू नोता, अन् हे नाव तुह्या मागं राहणार होतं, तुह्या पोराइच्या नावाले चिकटणार होतं. माहं डोकं असं तापलं का मी उठून उभा राह्यलो.

"इमलीनं इंजिन नाही खाल्लं," मी म्हणलो. "म्या खाल्लं. म्या पाण्यात हळद टाकत होतो, दोन महिने. त्यानं इचारलं तं म्या नाही म्हणलं."

अन् मंग काय झालं माहीत आहे? दिवाणजी उठले, माह्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणले, "वा नामदेव! दोस्त असावा तं असा. मेलेल्या माणसाचा आळ आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला." पलीकडचे एक म्हातारे म्हणले, "असा जीव आता कुठं पाहाले भेटते?" दोघं तिघं येऊन मले पोटाशी धरू लागले. रहमानभाई, जिंदगीत पह्यल्यांदा खरं बोललो अन् लोकाइनं ते खोटं समजून माही आरती केली! मी ओरडलो, "अरे, खरं सांगून राह्यलो बे!" तं ते आणखीच रडू लागले. असा संताप आला मले, का तू असता तं पान्हा घेऊन मारला असता एकेकाले.

मंग मी भिंतीकडं गेलो. जुन्या रेडेटरमागं तुह्या कोंबडीनं अंडे घातले होते. ते बाजूले ठेवले अन् रेडेटर ओढून आंगणाच्या मधात आणलं. तुहीच करवत घेतली अन् खालची टाकी कापू लागलो. लोकाइले वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलं. कोणी हात धरला, मी झटकला. टाकी सुटली. अंदर तपकिरी गाळ वाळून ढेकूळ झालेला. दिवाणजीनं वाकून पाह्यलं अन् सांत्वन केल्यासारखं म्हणले, "हो, हाच चोथा होता, बापा. ठेव आता."

"तुमची चंची द्या," मी म्हणलो.

त्याइच्या तंबाखूच्या चंचीतून मी चुन्याची डबी काढली. ढेकूळ फोडलं, मधातला भाग तळहातावर चुरला, पाण्याचा थेंब टाकला अन् चुना लावून अंगठ्यानं मळला. हळदीले चुना लागला का काय होते, हे घरच्या प्रत्येक बाईले माहीत आहे, अन् तिथं बसलेल्या प्रत्येक माणसाले माहीत होतं. माहा तळहात लाल झाला. मी तो साऱ्याइसमोर फिरवला, एकेकाच्या नाकासमोर नेला. चिंचेले चुना लावा, काय होते ते पाहा, मी म्हणलो.

दिवाणजीचा चेहरा उतरला. मंग एवढंच म्हणले, "तीन वर्षं, नामदेव?" अन् चपला पायात घालून निघून गेले. चंचीही घेतली नाही. ज्याइनं मले पोटाशी धरलं होतं ते एक एक करून उठले अन् माह्याकडं न पाहता गेले. जाऊ दे. आज ना उद्या शेटजी लारीची चावी मागतील, मी काढूनच ठेवली आहे. वाशिमात आता तुले कोणी इमली मिस्त्री म्हणणार नाही, म्हणलं तं दिवाणजीच त्याचा कान पकडतील. तेवढं काम पुरं झालं.

मी आंगणात एकटाच बसून होतो, लाल हात घेऊन. दाराले पडदा होता, भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावरचे ते दिवस सरेपर्यंत बाहेर येत नाही. पण तिनं सारं आयकलं होतं. मी पडद्याकडं तोंड करून म्हणलो, "भाभी, काय बोलाचं ते बोला." मले वाटलं, शिव्याशाप देईल. तिचा हक्क होता. तीन वर्षं तिनं त्या इमलीपाई शेजारणीचे टोमणे आयकले होते.

आवाज आला तो रडका, पण त्याच्यात ती रोजची चिडवणारी भाभीही होती.

"नामदेवभाऊ, तुमी त्याइले तेव्हाच सांगतलं असतं ना, तं आंदी पान्हा फेकून मारला असता. मंग चार दिवस तुमचं नाव घेऊ देल्लं नसतं घरात. अन् पाचव्या दिवशी मलेच म्हणले असते, 'जैनब, तो हळद्या दिसला नाही वं, चहा ठेव, मी बोलावून आणतो.'"

चार दिवस, रहमानभाई! तुह्या चार दिवसांच्या अबोल्याले भेऊन म्या तुले तीन वर्षं इमली मिस्त्री म्हणू देल्लं.